स्लावा किंद्राचुक आणि चौथा रॅक

स्लावा किंद्राचुकला निष्काळजी म्हणणारा माणूस तिच्या सगळ्या आयुष्यात एकच निघाला. आणि तो ते भर बैठकीत, एकोणीस माणसांच्या देखत, कॉफीचे घुटके घेत म्हणाला. मी तिथंच होतो, दाराजवळच्या खुर्चीवर. त्या घुटक्यांचा आवाज माझ्या कानात अजून आहे.

मी एब टेव्ज. आमच्या प्रेरीत, म्हणजे गवताळ मैदानी मुलखात, रेड विलो गावाला विद्यापीठ आहे, त्याच्या तळघरात प्राणिघर. तिथं मी एकतीस वर्षं पिंजरे धुतले. शिकलो म्हणाल तर गावच्या एका खोलीच्या शाळेत. आठ इयत्ता, एक मास्तरीणबाई आणि एक शेगडी. तेव्हा शोधनिबंध मला कळतात असं मी म्हणणार नाही. पण त्या निबंधांतले उंदीर ज्या पिंजऱ्यांत राहिले ते मी हातानं घासलेत. मेंदूवाले, हाडंवाले, आतडीवाले, झोप मोजणारे, सगळ्या शास्त्रांची घाण शेवटी माझ्याच मोरीत यायची. कोणाचा प्रयोग धड चाललाय आणि कोणाचा नाही, हे मी भुशाच्या वासावरून सांगायचो. पैज लावून सांगायचो, आणि जिंकायचो.

स्लावा पलीकडे, स्वच्छ बाजूला. उंदरांच्या खोल्या तिच्या. बाई सहा फुटी, खांदे दाराएवढे, आणि हात असा हलका की झोपलेला उंदीर उचलून दुसरीकडे ठेवला तरी जागा होऊ नये. उंदरांशी ती आईच्या भाषेत, युक्रेनियनमध्ये बोलायची आणि माणसांशी इंग्रजीत भांडायची. एकदा दिवे दुरुस्त करायला वायरमन आला. दाढी करून, वासाचं पाणी चोपडून आला होता बिचारा. दारातच हिनं त्याला धरला. "आंघोळ करून ये." तो म्हणाला, "अहो, मी सकाळीच केली." "मग परत कर. तुझ्या वासानं माझ्या बायका पिल्लं खातील." बायका म्हणजे उंदरिणी. त्यानं केली, आमच्याच न्हाणीत, विद्यापीठाच्या साबणानं. बाहेर आला तेव्हा मी टॉवेल घेऊन उभा होतो. अशा पन्नास गोष्टी आहेत, पण आज मला चौथ्या रॅकचीच सांगायची आहे, नाहीतर भरकटेन.

तर, रॅक म्हणजे पिंजऱ्यांची घोडी. सहा मजले, दर मजल्यावर दहा पिंजरे, पिंजऱ्यात तीन उंदीर. स्लावाच्या एका खोलीत असे चार रॅक होते. दर मंगळवारी ती भुसा बदलायची आणि त्याबरोबर फेरी करायची. म्हणजे सगळ्यांत वरचे पिंजरे तळाला, बाकीचे एकेक मजला वर. कारण दिवे छताला. वरच्या मजल्यावरच्या उंदराच्या डोक्यावर बारा तास लखलखाट, तळातल्याला संध्याकाळ. तिच्या आईच्या चारशे कोंबड्या होत्या. खिडकीजवळची कोंबडी वेगळी वागते आणि कोपऱ्यातली वेगळी, हे तिला सातव्या वर्षीच कळलं होतं. फेरी झाली की पिंजऱ्याच्या कार्डावर ती मजल्याचा आकडा टाकायची. न चुकता, निळ्या पेननं.

तिथं डॉ. हॅदरसेज आले; चौथा रॅक त्यांना मिळाला. पूर्वेकडच्या मोठ्या शहरातले, उंच, गोड बोलणारे. भीती कमी करणारं औषध शोधत होते. उंदीर भित्रा की धीट हे पाहायला त्यांच्याकडे जमिनीपासून उंच, अधिकच्या चिन्हासारखा लाकडी चौरस्ता होता. दोन वाटांना भिंती, दोन उघड्या. भित्रा उंदीर भिंतीआड बसतो, धीट उघड्यावर फिरतो. औषध पिण्याच्या पाण्यातून द्यायचं, आणि ते पाणी रोज बदलायचं. हे बदलण्याचं काम लिनेआकडे. लिनेआ त्यांच्या हाताखालची तरुण संशोधक, उंची पाच फुटांना बोटभर कमी. पूर्वी खोलीत पायरीचं स्टूल असायचं. ते सुरक्षा अधिकाऱ्यानं जप्त केलं होतं, कारण त्यावरून कोणी पडलं असतं. मग काय करणार ती पोर? औषधाचे तीस पिंजरे खालच्या तीन मजल्यांवर, साध्या पाण्याचे तीस वरच्या तीन मजल्यांवर. आणि रॅकवर डॉक्टरांच्या हातची चिठ्ठी: पिंजरे हलवू नका.

मी त्या वेळी धुतलेल्या बाटल्यांची गाडी घेऊन आलो होतो, म्हणून पुढचं मला ऐकायला मिळालं.

"डॉक्टर, हे काय चिकटवलंय?" स्लावानं विचारलं.

"सूचना आहे, स्लावा. औषधाच्या आणि साध्या बाटल्या एकमेकांत मिसळायला नकोत."

"मग बुचांना रंग द्या. मी देते. पण फेरी चुकवू नका. औषधवाले सगळे खाली, पाणीवाले सगळे वर, हे बरं नाही. वर उजेड पडतो."

"उजेड सगळ्यांना सारखाच. खोलीला बटण एकच आहे."

"बटण एक आहे हो. पण दिव्याखाली कोण बसलंय?"

डॉक्टर हसले. "काय करू, वरच्यांना काळे चष्मे घालू? अहो, संशोधन मी बघतो. तुम्ही भुसा बघा."

चौदा मंगळवार स्लावानं तीन रॅकची फेरी केली आणि चौथ्याचा नुसता भुसा बदलला. कार्डावर मजल्याचा आकडा मात्र दर वेळी टाकला. शेवटी एकशे ऐंशी उंदीर तिनंच एकेक करून बाहेर काढले, कारण त्यांचे मेंदू कापून पाहायचे होते. त्या दिवशी ती जेवली नाही. ती तशा दिवशी कधीच जेवत नसे.

औषध लागू पडलं! औषधवाले उंदीर उघड्या वाटांवर बागेत फिरल्यासारखे फिरले. निबंध लिहिला गेला, नियतकालिकाकडे गेला, तीन परीक्षकांनी वाचला, छापून आला. केक आला, त्यावर साखरेचा उंदीर. मी दोन तुकडे खाल्ले, कबूल करतो.

दोन वर्षांनी समुद्रकाठच्या एका प्रयोगशाळेनं तोच प्रयोग केला. तेच औषध, तीच जात, तोच चौरस्ता. परिणाम शून्य. त्यांनी तसं छापलं. नियतकालिकानं डॉक्टरांकडे खुलासा मागितला. आणि मग ती बैठक.

"आमच्या औषधात दोष नाही," डॉक्टर म्हणाले, आणि घुटका घेतला. "मी जुनी कार्डं तपासली. निबंधात आम्ही लिहिलंय की पिंजऱ्यांची फेरी दर आठवड्याला झाली. ती झालेलीच नाही! चौदा आठवडे पिंजरे जागचे हलले नाहीत. आम्ही विश्वास ठेवला, दुसरं काय. खुलाशात लिहावं लागेल, प्राणिघरातील कर्मचाऱ्यांचा निष्काळजीपणा." आणखी एक घुटका. "नाव अर्थातच घालणार नाही."

नाव कशाला घालायला हवं? त्या खोलीत कर्मचारी एकच. आख्ख्या प्रांतात उंदीर सांभाळणाऱ्या दर दुसऱ्या माणसाला उंदीर हातात कसा धरायचा ते स्लावानं शिकवलेलं. सगळ्यांना कळणार होतं.

स्लावा उभी राहिली. "डॉक्टर, चिठ्ठी तुम्ही लावली होती. हलवू नका म्हणून."

"कसली चिठ्ठी?"

आणि खरं सांगतो, माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला आठवतच नव्हतं! खोटं बोलला असता तर मला एवढा संताप आला नसता. एका बाईला चौदा आठवडे हात बांधून ठेवायचं आणि आपण दोरी बांधली हेही विसरून जायचं, म्हणजे काय म्हणायचं याला?

"कुठे आहे ती चिठ्ठी?" प्राणिघराच्या व्यवस्थापिका बाईंनी विचारलं.

मला उठून सांगावं लागलं. प्रयोग संपल्यावर रॅक माझ्याकडे आला होता. यंत्रात वाफ सोडली, कागदाचा लगदा झाला, तो मी जाळीतून काढून फेकला. मीच. माझ्या या हातानं.

"मग आपल्याकडे काही लेखी नाही," बाई म्हणाल्या. "खुलासा तीन आठवड्यांत जायचाय."

जेवणाच्या खोलीत स्लावानं डबा असा आपटला की कोबीच्या पानांतला भात टेबलभर झाला.

"सव्वीस वर्षं, एब! दोन वेळा बर्फात गाडी अडकली तेव्हा चार मैल चालत आलेय मी, यांच्या उंदरांना पाणी घालायला. आणि मी निष्काळजी?"

"मी त्याच्या कॉफीत भुसा घालतो."

"गप बस. भात उचल." मी उचलायला लागलो. ती भिंतीकडे बघत बसली. मग एकदम म्हणाली, "एब, त्या खोलीत रॅक किती होते?"

"चार."

"फेरी कोण करायचं?"

"तू."

"चारही?"

"तीन. चौथ्यावर चिठ्ठी..." आणि मी तोंड उघडं टाकून थांबलो.

"अरे म्हाताऱ्या, कार्डं कुठे ठेवतात सांग!"

कार्डं सात वर्षं ठेवायचा नियम आहे. खोकी तळघरातल्या तळघरात. आम्ही दोघांनी ती वर आणली, आणि पुढचे तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत टेबलावर दोनशे चाळीस कार्डं मांडली. झोपवाल्यांचा रॅक, हाडंवाल्यांचा, आतडीवाल्यांचा. त्यांच्या कार्डांवर आकडे कसे पळत होते! तळाचा एक, मग दोन, तीन, चार, पाच, सहा, परत एक. दर मंगळवारी एक मजला, एकही खाडा नाही. आणि चौथ्या रॅकची कार्डं: तीन, तीन, तीन, तीन. चौदा वेळा तीन. दुसऱ्यावर चौदा वेळा पाच. तीच तारीख, तेच निळं पेन.

ती कार्डं घेऊन स्लावा डॉक्टरांच्या खोलीत गेली. मी बरोबर होतो, खोकी उचलायला.

"डॉक्टर, आळशी बाई एकशे ऐंशी पिंजरे हलवते आणि चौथ्या रॅकपाशी येऊन तिला झोप लागते? दर मंगळवारी? त्याच रॅकपाशी?"

डॉक्टरांनी कार्डं पाहिली. बराच वेळ पाहिली. चेहरा उतरला होता, पण गोडवा गेला नव्हता. "हे... विचार करण्यासारखं आहे. आपण असं करू, निष्काळजीपणा काढू. 'कर्मचाऱ्यांच्या गैरसमजामुळे' असं लिहू. आणि शेवटी तुमचे आभार मानू. नावानिशी."

"गैरसमज कोणाचा?"

"दोघांचा म्हणू या."

"माझा नव्हता. मला चिठ्ठी नीट समजली होती. आणि आभार? एकशे ऐंशी जीव फुकट गेले त्यावर माझे आभार? ठेवा तुमच्याकडे."

मग तिनं ठरवलं की नियतकालिकाला आपणच लिहायचं. लिहिणं सोपं होतं. दीड पानात तिनं सगळं सांगितलं. पाठवणं अवघड! संगणकावर अर्ज भरायचा, आणि त्यात 'पदवी' हा रकाना भरल्याशिवाय पुढं जाऊ देईना. यादी पदवीधरापासून वर. खाली काहीच नाही. तिनं 'इतर' निवडलं आणि लिहिलं, बारावी, रेड विलो. पुढचा प्रश्न: या विषयात आपले काही हितसंबंध आहेत का? तिनं लिहिलं, "आहेत. मला फार राग आला आहे."

पत्र परीक्षकांकडे गेलं. होय, निबंधासारखंच! एकानं लिहिलं, कार्डांचा पुरावा स्पष्ट आहे. दुसऱ्यानं विचारलं, वर-खाली उजेडात खरोखर फरक आहे का, मोजलाय का? हा प्रश्न मला आवडला. मूळ निबंधाच्या वेळी तिघांपैकी एकालाही सुचला नव्हता. वनस्पतीवाल्यांच्या काचघरातून आम्ही उजेड मोजायचं यंत्र मागून आणलं. बदल्यात त्यांना उंदरांच्या भुशाची आठ पोती खताला दिली. तळाच्या मजल्यावर यंत्र सव्वीस दाखवत होतं, वरच्यावर तीनशे वीस. म्हणजे खालचे उंदीर धीट झाले ते औषधानं की सावलीनं, कोण सांगणार? स्लावानं तीनदा मोजलं आणि मला तीनदा वाचायला लावलं. तिसरा परीक्षक मात्र औरच होता. त्यानं विचारलं, लेखिकेची असा निष्कर्ष काढण्याची पात्रता काय? स्लावानं उत्तर लिहिलं: "फेरी मी करते. निबंधात ती झाली असं लिहिणाऱ्या चौघा लेखकांपैकी एकानंही कधी केलेली नाही."

पण चिठ्ठीचं काय? कार्डांवरून एवढंच सिद्ध होत होतं की ती चौथ्याच रॅकला हात लावत नव्हती. कोणाच्या हुकमावरून, ते नाही. ते जाणणारी व्यक्ती एकच. लिनेआ आता दुसऱ्या गावी कॉलेजात शिकवत होती. स्लावानं जेवणाच्या खोलीतून फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला.

"लिनेआ, फेरी झाली हे वाक्य निबंधात कोणी लिहिलं?"

"मी." बारीक आवाज. "म्हणजे लिहिलं असं नाही. पद्धतीचा भाग मी डॉक्टरांच्या आधीच्या निबंधातून उचलला. सगळेच उचलतात, स्लावा. पिंजरे तेच, भुसा तोच, मग पुन्हा नव्यानं कोण लिहितं? आधीच्या वेळी फेरी झाली होती."

"या वेळी झाली नव्हती."

"माहीत आहे. चिठ्ठीला चिकटपट्टी मीच आणून दिली होती."

मी टेबलावर हात मारला. स्लावानं माझ्याकडे डोळे वटारले.

"हे लिहून देशील?"

"स्लावा, त्या निबंधावर पहिलं नाव माझं आहे. तो गेला तर माझी नोकरी..."

"तुझं नाव पहिलं आहे. माझं नाव त्यावर कुठंच नाही, पोरी, आणि तरी पकडलंय मला."

लिनेआनं फोन ठेवला. आठ दिवस काही नाही. मी तिला रोज शिव्या दिल्या. स्लावानं एकही दिली नाही. ती फक्त घुम्यासारखी पिंजरे भरत राहिली, आणि ते शिव्यांपेक्षा भयंकर होतं. नवव्या दिवशी लिनेआचं पत्र थेट संपादकांकडे गेलं. सगळं होतं त्यात. स्टूल, चिठ्ठी, चिकटपट्टी, उचललेलं वाक्य. पोरगी उंचीला लहान, पण त्या दिवशी माझ्या लेखी डॉक्टरांपेक्षा उंच झाली.

निबंध मागे घ्यायचं ठरलं. आम्हाला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात निवेदनाचा मसुदा आला: "पिंजऱ्यांची फेरी झाली नसल्याचे आढळल्यामुळे निबंध मागे घेण्यात येत आहे." बस्स. स्लावानं वाचलं आणि तिचे कान लाल झाले. म्हणजे ज्याला वाटायचं त्याला वाटतच राहणार की बाईनं केली नाही! तिनं संपादकांना फोन लावला.

"कोणी मना केलं ते लिहा."

"बाई, निवेदनात व्यक्तींकडे बोट दाखवण्याची आमची पद्धत नाही," संपादक म्हणाले. मऊ आवाजाचा माणूस.

"कर्मचाऱ्यांकडे दाखवणार होतात. खुलासा जसाच्या तसा छापणार होतात. तेव्हा पद्धत कुठे गेली होती?"

"मी समजू शकतो की तुम्हाला..."

"नका समजू. लिहा. आणि उंदीर किती मारले तेही लिहा. एकशे ऐंशी. ते कोणाच्याच पद्धतीत बसत नाही वाटतं."

चार दिवसांनी नवा मसुदा आला. "प्रमुख संशोधकांनी दिलेल्या लेखी सूचनेमुळे प्राणिघरातील नेहमीची फेरी थांबवण्यात आली होती. या अभ्यासात १८० प्राणी वापरले गेले." स्लावानं तो दोनदा वाचला आणि ठीक म्हणाली. पण तिचं अजून एक म्हणणं होतं. निष्काळजी हा शब्द छापून आला नव्हता. तो बोलला गेला होता. तेव्हा परतही बोलूनच घ्यायचा, त्याच खोलीत, त्याच माणसांसमोर.

पुढच्या महिन्यात बैठकीला एकोणीसच्या एकोणीस माणसं आली. आजारी होता तोही आला. डॉक्टरांनी उभं राहून निवेदन वाचलं. या वेळी हातात कॉफी नव्हती. वाचताना एकशे ऐंशीपाशी ते अडखळले, स्लावा म्हणाली, "मोठ्यानं," आणि त्यांनी मोठ्यानं वाचलं. मग कागद खाली ठेवून ते म्हणाले, "मी स्लावाला निष्काळजी म्हटलं. ते चूक होतं. निष्काळजी मी होतो."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आमच्याकडे अशा वेळी लोक बुटांकडे बघतात. डॉक्टर टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी हात पुढं केला.

स्लावानं हाताकडे पाहिलं. "राग गेला की देईन."

"कधी जाईल?"

"कळवीन."

डॉक्टर आता परत पूर्वेकडे गेले. लिनेआची नोकरी टिकली. स्लावा निवृत्त होऊन चार वर्षं झाली. बीट लावते, कोंबड्या पाळते आणि माझ्याशी दर रविवारी फोनवर भांडते. परवा तिला म्हटलं, "स्लावा, डॉक्टरांना कळवलंस का?"

"अजून वेळ झाली नाही," ती म्हणाली. "एकशे ऐंशी होते, एब. एकेकाचा राग सोडतेय, आत्ता कुठे साठापर्यंत आलेय."